थंडीत गोल्डफिश ‘सांभाळायला’ नेणाऱ्यापासून सावध

नाशिकमध्ये अंगणातल्या हौदात गोल्डफिश पाळणाऱ्यांनी हे वाचावंच. निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरल्याची बातमी पेपरात आली की काही जणांचा धंदा सुरू होतो.

आमच्याकडे गंगापूर रोडला हौद साफ करणारा एक जण यायचा. बोलायला गोड. “काका, या गारठ्यात मासे जगायचे नाहीत. आमच्या शेडमध्ये गरम पाण्याच्या टाक्या आहेत, होळी झाली की आणून देतो.” ५,००० रुपये यूपीआयने आगाऊ घेतले, पावती दिली नाही, आणि ऑक्सिजनच्या पिशव्यांत भरून सगळे मासे नेले. त्यात पंजाएवढे दोन ऑरांडा होते, म्हणजे डोक्यावर टोपीसारखा फुगवटा आणि दुहेरी शेपटी असलेले गोल्डफिश.

होळीनंतर पिशव्या आल्या. त्यात बोटभर लांबीचे, साध्या शेपटीचे मासे! सौ.ने विचारलं, “आमचे टोपीवाले कुठे आहेत?” तर म्हणे, “काकू, जागा बदलली की रंग उडतो, थंडीत मासा आकसतो.”

मेख इथेच आहे. गोल्डफिशचा रंग खरंच बदलतो; केशरी मासा पुढे पांढराही पडतो. पण ऑरांडाची दुहेरी शेपटी एकेरी होत नाही, आणि पंजाएवढा मासा बोटाएवढा होत नाही.

मुळात गोल्डफिश थंड पाण्याचाच मासा. वर बर्फ धरलेल्या तळ्यातही तो तळाशी हिवाळा काढतो, कारण ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते खाली बसतं. तिकडे बर्फाला एक भोक तेवढं मोकळं ठेवतात, कोंडलेला वायू निघून जायला. आपल्या हौदावर बर्फ कुठला धरायला! हवा ५ अंशांवर आली तरी हजारो लिटर पाणी एका रात्रीत तेवढं गार होत नाही. पाणी १० अंशांच्या आसपास आलं की खाणं बंद करायचं. पचत नाही, आणि उरलेलं सडतं. ऑरांडासारखे गुबगुबीत प्रकार नाजूक असतात, ते घरातल्या टाकीत हलवावेत. एवढ्याला शेड कशाला?

शेजारच्यांना याच माणसाने ४,००० लिटरच्या हौदासाठी ३०० वॅटचा हीटर विकला. तेवढं पाणी एक अंशाने तापवायला साडेचार युनिटच्या वर वीज लागते. हा हीटर चोवीस तास चालून सात युनिट ओढणार, म्हणजे जेमतेम दीड अंश, आणि उघड्यावर तेही टिकत नाही. हिशेब विचारला तर म्हणाला, “इंपोर्टेड आहे.”

मासे कुणाकडे द्यायचेच झाले तर आधी प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि संख्या, जात, लांबी लिहून त्याची सही घ्या. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे. पुरावा म्हणून यूपीआयचा व्यवहार आहे, आणि नातवाच्या वाढदिवसाचा एक फोटो, ज्यात मागे हौदातली ती दुहेरी शेपटी स्पष्ट दिसते. त्याचा नंबर आता बंद आहे, पण माणूस इंदिरानगरकडे फिरताना दिसल्याचं कळलंय.