आर्डनचं ‘किंग लिअर’ : विंगेतून वाचलेलं

परीक्षेसाठी घेणार असाल तर हे पुस्तक घेऊ नका. एम.ए.च्या मुलांना एवढं लागत नाही, आणि लागतं ते सापडेपर्यंत पेपर होऊन गेलेला असेल. नाटक बसवणार असाल, निदान तसं मनात असेल, तर मात्र इतर कुठल्याही प्रतीआधी ही घ्या. शेक्सपिअरची नाटकं टिपांसह छापणाऱ्या आर्डन मालिकेच्या तिसऱ्या आवृत्तीतलं ‘किंग लिअर’, संपादक आर. ए. फोक्स, साल १९९७.

मी सांगलीत हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करते. त्यामुळे संहितेकडे माझं बघणं जरा हिशेबी असतं : वाक्य कुणाचं, कुठल्या शब्दावर उचलायचं, आणि तालमीत ते कुणी खाल्लं. यंदा पावसाळ्यात आमच्या मंडळींनी लिअरचं वाचन करायचं ठरवलं. प्रयोग नाही, नुसतं वाचन, थांबत थांबत, मराठीत अर्थ लावत. जो तो घरातली प्रत घेऊन आला आणि पहिल्याच बैठकीत वादाला तोंड फुटलं. एकाच्या पुस्तकात अख्खा प्रसंग आहे, दुसरीच्या पुस्तकात तो नाहीच. तिची प्रत सदोष निघाली असणार, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

प्रत ठीकच होती. मुळात लिअरच दोन आहेत. एक १६०८ ची क्वार्टो, म्हणजे या एकाच नाटकाचं छोट्या आकाराचं पुस्तक, शेक्सपिअर हयात असताना छापलेलं. दुसरी १६२३ च्या फोलिओतली, म्हणजे त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहातली, तो जाऊन सात वर्षं झाल्यावरची. क्वार्टोतल्या सुमारे तीनशे ओळी फोलिओत नाहीत, फोलिओतल्या शंभरेक ओळी क्वार्टोत नाहीत, आणि जे दोन्हीकडे आहे त्यातही शब्दांची उलटापालट भरपूर. पहिलीच्या मुखपृष्ठावर नाटकाला ‘इतिहास’ म्हटलंय, दुसरीत ते ‘शोकांतिका’ झालं. पुढच्या संपादकांनी दोन्ही एकत्र कालवून एकच भलंमोठं नाटक केलं, आणि बहुतेकांच्या कपाटात तेच असतं.

फोक्सनी दोन्ही पाठ, म्हणजे नाटकाची ही दोन रूपं, एकत्रच ठेवलेत, पण सांधा लपवलेला नाही. फक्त क्वार्टोत असलेल्या मजकुराच्या आधी-नंतर वरच्या बाजूला बारीक ‘क्यू’, फक्त फोलिओतल्याला बारीक ‘एफ’. बस. एवढ्याशा दोन अक्षरांसाठी मी या पुस्तकाची किंमत मोजली, आणि ती वसूल झाली.

का, ते गॉनरिलवरून, म्हणजे लिअर राजाच्या थोरल्या मुलीवरून सांगते. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळे आपल्याकडे लिअर म्हटलं की पोरांनी घराबाहेर काढलेला बाप डोळ्यांपुढे येतो. गॉनरिल करणारीही मग पहिल्या तालमीपासून दात-ओठ खायला लागते. इथला बाप मुलींना राज्य वाटून, शंभर सरदार घेऊन लेकीकडे राहायला येतो, हे विसरलं जातं. आता ‘क्यू’ आणि ‘एफ’ बघा. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात गॉनरिल नोकराजवळ बापाला निकामी म्हातारा म्हणते, म्हातारी माणसं पुन्हा पोरं होतात वगैरे सुनावते. ते सगळं क्वार्टोतलं. फोलिओत ते नाही. तिथे पुढच्याच प्रवेशात तिला दुसरीच वाक्यं आहेत : शंभर हत्यारबंद माणसं याच्या हाताशी, उद्या कुणी कान भरले किंवा नुसतं स्वप्न पडलं तरी आमचे जीव याच्या मुठीत. म्हणजे एकीकडे उद्धट मुलगी, दुसरीकडे हिशेब मांडणारी राज्यकर्ती. आमची गॉनरिल हे वाचून गप्प झाली, मग म्हणाली, “ताई, मला दुसरी द्या.” कालवलेल्या प्रतीत दोन्ही एकापाठोपाठ येतात, आणि बाई धड ही नाही धड ती नाही अशी होते.

अल्बनीचं उलट. हा गॉनरिलचा नवरा. क्वार्टोत चौथ्या अंकात तो बायकोला असं झाडतो की ऐकत राहावं. देवाने वेळेवर आवर घातला नाही तर समुद्रातल्या राक्षसांसारखी माणसं माणसांनाच खायला लागतील, हे त्याचंच वाक्य. फोलिओत त्याच्या तोंडचं बरंचसं कापलंय. नाटकाच्या शेवटच्या चार ओळीही त्याच्याकडून गेल्या. ‘या दुःखाच्या काळाचं ओझं आपण वाहायचं, बोलायला हवं ते न बोलता वाटतं ते बोलायचं’ अशा अर्थाच्या त्या ओळी क्वार्टोत अल्बनी म्हणतो, फोलिओत ग्लॉस्टर या सरदाराचा मुलगा एडगर. अल्बनी म्हणाला तर उरलेला सत्ताधीश समारोप करतो. एडगर म्हणाला तर नागवा, चिखलात लोळलेला, आंधळ्या बापाला हाताला धरून नेलेला पोरगा पुढचं राज्य घेतो. शब्द जवळपास तेच, पण पडदा दोन वेगळ्या नाटकांवर पडतो.

आणि लिअरचं मरण. हे पान मी कितीही वेळा वाचू शकते. मेलेली धाकटी मुलगी कॉर्डेलिया मांडीवर. क्वार्टोत तो ‘नेव्हर’ तीनदा म्हणतो, गुंडी सोडायला सांगतो, नुसता कण्हतो, आणि ‘फुट रे काळजा’ हे वाक्य स्वतःसाठी म्हणून संपतो. फोलिओत ‘नेव्हर’ पाचदा. शिवाय तिथे दोन ओळी जास्त : तिच्याकडे बघा, तिचे ओठ बघा, तिकडे बघा, तिकडे. मग मरतो, आणि काळीज फुटण्याचं वाक्य केंटकडे, त्याच्या निष्ठावान सरदाराकडे जातं. समीक्षक ब्रॅडलीने १९०४ साली म्हटलं की लिअर आनंदाने मरतो, मुलगी जिवंत आहे असं वाटून. तो सगळा वाद या ‘एफ’ लावलेल्या ओळींवर उभा आहे. क्वार्टोपुरतं बोलायचं तर वाद नाहीच, म्हातारा सगळं कळून मरतो. माझं मत क्वार्टोच्या बाजूचं. खोटी का होईना आशा दिली की प्रेक्षकाला रुमाल काढायला सवड मिळते, आणि या नाटकात ती मिळू नये असं मला वाटतं. आमचा लिअर अर्थातच फोलिओवर अडून बसलाय. नटाला दोन ओळी जास्त दिसल्या की तो कुठली बाजू घेणार, हे सांगायला प्रॉम्प्टर कशाला हवा.

(मरणच नको म्हणणारेही होते. नेहम टेट या कवीने १६८१ मध्ये लिअरला जिवंत ठेवलं, कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न लावलं, विदूषक काढून टाकला. इंग्रज प्रेक्षकांनी दीडेकशे वर्षं हेच गोड मानून घेतलं. मॅक्रेडी या नटाने विदूषक परत आणला तो १८३८ साली.)

पहिल्या बैठकीतला तो हरवलेला प्रसंग म्हणजे वादळातल्या रात्रीचा खोटा खटला. लिअर एका स्टुलाला गॉनरिल समजून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. फक्त क्वार्टोत आहे. तसंच ग्लॉस्टरचे डोळे काढल्यावर दोन नोकर त्याच्या जखमांना अंड्याचा पांढरा बलक लावायचं बोलतात, तेही क्वार्टोतच. दिग्दर्शक पीटर ब्रूकने १९६२ च्या प्रयोगात ते नोकर काढून टाकले होते. स्वभावानुसार कुणी ठेवेल, कुणी काढेल. मी ठेवीन. पण काढणाऱ्याने शेक्सपिअरची विटंबना केली असं आता म्हणणार नाही.

आता कुरकुर. टिपा फार. कित्येक पानांवर वर नाटकाच्या दहा-बारा ओळी आणि खाली टिपांचा ढिगारा, त्याखाली आणखी बारीक टाइपात पाठभेद. मोठ्याने वाचताना सारखी पानं उलटावी लागतात आणि लय जाते. प्रस्तावना दीडशे पानांच्या घरातली. प्रयोगांचा इतिहास आणि दोन पाठांबद्दलचा भाग वाचा, बाकीचं सवडीने. ‘क्यू’ आणि ‘एफ’ इतके बारीक की ट्यूबलाइटखाली चष्म्यालाही दिसत नाहीत. मी सरळ दोन रंगांची पेन्सिल फिरवली. पुस्तक मांडीवर उघडं राहत नाही, कपड्यांचा चिमटा लावावा लागतो. विंगेत वापरायची प्रत ही नव्हे. त्यासाठी टाइप करून वेगळीच काढा.

ज्यांना फक्त गोष्ट आणि अर्थ हवा आहे त्यांनी अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयाची प्रत घ्यावी. डाव्या पानावर टिपा, उजवीकडे नाटक, डोळ्याला त्रास नाही. त्यांची संहिता इंटरनेटवर फुकटही आहे. एकच पाठ धरून चालायचं असेल तर ऑक्सफर्डची स्टॅन्ली वेल्सची प्रत क्वार्टोवर आहे, न्यू केंब्रिजची हॅलिओंची फोलिओवर. दोन्ही घेण्याचे पैसे असतील तर आर्डनची गरज नाही. हौशी मंडळात ते नसतात.

आमच्यात शेवटच्या ओळी कुणाच्या हे अजून ठरलेलं नाही. एडगर म्हणतो फोलिओ नंतरचा, म्हणून पक्का. अल्बनी करणाऱ्याने गेल्या बैठकीनंतर माझी प्रत ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेली आहे. अजून आलेली नाही, आणि हे सगळं मी वहीतल्या टाचणांवरून लिहिते आहे.