जॉयस्टिक टेबलावर घट्ट बसवायची, पण भोक न पाडता: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळीत फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायला, जॉयस्टिक घेतली, आता आषाढ चालू आहे, म्हणजे नऊएक महिने झाले. या नऊ महिन्यांत स्टिकपेक्षा ती टेबलावर जागच्या जागी कशी राहील यावरच माझं जास्त डोकं आणि थोडेफार पैसे गेलेत, म्हणून हे लिहितोय. स्टिकचं नाव सांगत नाही, कारण प्रॉब्लेम कुठल्या एका कंपनीचा नाहीये. टेबलावर नुसत्या ठेवायच्या, हलक्या प्लास्टिक बेसच्या, ट्विस्ट रडरवाल्या (दांडा पिळला की विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) जेवढ्या म्हणून स्टिक आहेत त्या सगळ्यांचं हेच रडगाणं आहे.

आधी परिस्थिती सांगतो. पुण्यात भाड्याचा फर्निश्ड वन बीएचके. टेबल घरमालक काकांचं, पार्टिकल बोर्डचं, वर मॅट सनमायका. डिपॉझिट काकांकडे अडकलेलं, त्यामुळे ड्रिल मशीन हा विषय घरात काढायचाच नाही.

तर झालं असं की सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मला वाटायचं मलाच लँडिंग जमत नाही. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ हे छोटं विमान, मुंबईची २७ नंबरची धावपट्टी, वारा मुद्दाम नैऋत्येकडून लावलेला, म्हणजे तो डावीकडून येणार. अशा वेळी स्टिक डावीकडे धरून ठेवायची आणि त्याच वेळी उजवीकडे पिळायची, आणि हे एकदा करून सोडायचं नसतं, चाकं टेकेपर्यंत धरून ठेवायचं असतं. तर मी डावीकडे रेटली की बेसची उजवी कड हळूच उचलली जायची. हात डावीकडे जातोय पण अख्खी स्टिक बेससकट कलंडतेय, म्हणजे आतल्या सेन्सरला काहीच कळत नाही, विमान जागचं हलत नाही, म्हणून मी अजून रेटतो, आणि मग बेस टक्कन खाली बसला की सगळा इनपुट एका झटक्यात जातो आणि पंख जमिनीला टेकतो. मी येडा सेटिंगमध्ये जाऊन डेडझोन (मधली जागा, जिथे स्टिक हलली तरी मोजली जात नाही) वाढवतोय, कर्व्ह (स्टिक किती हलली की विमान किती वळणार ते प्रमाण) बदलतोय, सेन्सर खराब आहे का बघतोय. एके दिवशी बायको शेजारी चहा घेऊन बसली होती, ती म्हणाली अरे ते खालून उचललं जातंय की, तेव्हा ट्यूब पेटली. सगळे कर्व्ह परत सरळ केले.

मग गणित करून बघितलं, शाळेतलंच आहे. किचनच्या काट्यावर स्टिकचं वजन ९८० ग्रॅम. बेसची रुंदी १९ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेनऊ. हात जिथे धरतो ती उंची टेबलापासून साधारण १७ सेंटीमीटर. ९८० ला साडेनऊने गुणा, १७ ने भागा, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढा जोर आडवा लावला की बेस उचलायला लागणार! आणि आतली स्प्रिंग टोकापर्यंत दाबायला तेवढा जोर लागतोच. त्यामुळे घसरणं आणि कलंडणं हे दोन वेगळे आजार आहेत हे आधी डोक्यात घ्या. मी पहिले दोन महिने घसरण्यावर औषध करत बसलो होतो.

ड्रॉवरमध्ये घालायची जाळीदार अँटीस्लिप शीट मिळते ना, ती आधी आणली. घसरणं बंद, शंभर टक्के. पिळताना बेस गोल फिरायचा तेही नव्वद टक्के गेलं. कलंडणं जसंच्या तसं, उलट आता घसरायची सोय राहिली नाही म्हणून आधीपेक्षा लवकर उचललं जायला लागलं.

मग सक्शन कप. डोक्यात आईची खवणी होती, ती खाली रबर असलेली, खटका दाबला की ओट्याला चिकटते ती. म्हटलं नारळ खवताना एवढा जोर लागतो ती हलत नाही, मग ही कशी हलेल. चार सेंटीमीटरचे चार कप आणले. हवेचा दाब एका चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो धरला तर कागदावर एकेका कपाला बाराएक किलो येतात, ऐकायला भारी वाटतं. पण ओटा असतो गुळगुळीत ग्रॅनाइट आणि माझं टेबल आहे मॅट सनमायका, हाताला किंचित खरखरीत. त्या बारीक खाचांतून हवा आत शिरते आणि वीस मिनिटांत एकेक कप पुच्च आवाज करून सुटतो, आणि तोही नेमका फायनल अप्रोचला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात. एका मित्राच्या काचेच्या टेबलावर तेच कप लावले तर आठवडाभर हलले नाहीत. म्हणजे टेबल काचेचं किंवा चकचकीत सनमायकाचं असेल तर पुढचं काही वाचू नका, कप घ्या आणि खुश राहा. फक्त काचेला कधी लोखंडी क्लॅम्प लावायला जाऊ नका.

फोमवाला डबल साइड टेप थेट टेबलावर लावायचं माझं धाडस झालं नाही. ज्यांचं टेबल पॉलिश केलेल्या व्हीनिअरचं (वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं) आहे त्यांनी तर अजिबात लावू नका, टेपबरोबर पॉलिशही निघून येतं. सनमायकावरून निघतो, हेअर ड्रायरने गरम करायचा आणि खालून दातांचा फ्लॉस करवतीसारखा ओढायचा. पण दर वेळी ऑफिसच्या कामाला टेबल मोकळं करायचं तर हे कोण करत बसणार.

आता क्लॅम्प. सी क्लॅम्प, सुतार ज्याला शिकंजा म्हणतात तो. बोहरी आळीतून चार इंची दोन आणले, साडेतीनशेला जोडी. घरी आल्यावर कळलं की स्टिकच्या बेसला क्लॅम्प पकडायला कडच नाहीये, सगळा उतरता गोल आकार, आणि प्लास्टिकवर लोखंड आवळलं तर ते तडकणार. तेव्हा सुचलं की भोक पाडायला टेबलच कशाला पाहिजे, आपण आपली फळी आणू आणि तिला हवी तेवढी भोकं पाडू, तिथे कोण विचारणार आहे!

टिंबर मार्केटमधून १८ मिलीमीटर प्लायचा ४५ बाय ३० सेंटीमीटरचा उरलेला तुकडा दीडशे रुपयांत मिळाला, कडा घासून घेतल्या. माझ्या मते सगळ्या खटाटोपात ही दीडशेची वस्तू बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाची निघाली, आणि तीही क्लॅम्पशिवाय. फळीचंच वजन दीड किलो, स्टिक धरून अडीच. आणि बेस १९ सेंटीमीटरचा होता तो आता ३० आणि ४५ चा झाला. तेच गणित परत केलं तर आडव्या-उभ्या दिशेप्रमाणे दोन ते तीन किलो जोर लागल्याशिवाय काही उचललं जात नाही. खाली तीच अँटीस्लिप शीट. सेसना, एअरबस असलं शांत उडवणाऱ्याला एवढंच पुरे आहे, मी दोन महिने असंच उडवलं. फळी टेबलाला आवळायला क्लॅम्प लागतात ते डीसीएसमध्ये (लढाऊ विमानांचा सिम्युलेटर), तिथे मारामारीत हात आपोआप स्टिक मोडायला निघतो. मी त्यातलं फुकटातलं एसयू-२५टी हे जमिनीवर हल्ला करणारं विमान उडवतो, लक्ष्यावर नाक खाली केलं की दात-ओठ खाऊन धरतो, काय करणार.

स्टिक फळीला कशी धरायची यात मी एक चूक केली. साधा वेल्क्रो घेतला आणि बेसच्या मधोमध रुंद पट्टी लावली. वेल्क्रो म्हणजे काय, रानात पँटला आघाडा चिकटतो तसंच काम. सरळ बाजूला ओढला तर निघत नाही पण कडेने सोलला तर टर्रकन निघतो. आणि कलंडणं म्हणजे कडेने सोलणंच. त्यामुळे पट्ट्या मध्ये लावायच्या नाहीत, अगदी बाहेरच्या काठाला, जमेल तेवढ्या लांब. शिवाय वेल्क्रोला एक-दोन मिलीमीटर खेळ राहतो, नेम धरताना तो बोटांना जाणवतो. आता थ्रीएमचा ड्युअल लॉक लावलाय, त्यात दोन्ही पट्ट्यांवर बारीक मशरूमसारखी डोकी असतात आणि दाबलं की कटकट आवाज करून अडकतात. खेळ जवळजवळ नाही. महाग आहे, पण हातभर तुकडा पुरतो. लावताना बेसखालचे रबरी पाय आड येतात, ते काढावे लागले, जपून ठेवलेत. स्क्रूने बसवायचा विचारही आला होता, पण त्यासाठी बेस उघडावा लागला असता आणि वॉरंटी बाकी होती.

महिन्यांचा हिशेब सांगायचा तर: मे महिन्यात उकाड्याने पहिल्या वेल्क्रोचा गोंद मऊ होऊन पट्टीच सरकली, फळीवर काळा चिकटा राहिला. ड्युअल लॉक लावताना प्लायला आधी एक हात वॉर्निश मारलं, तो अजून जागचा हललेला नाही. प्लायच्या उघड्या लाकडावर पट्टीचा गोंद धड बसत नाही. क्लॅम्पचे स्क्रू दर पंधरा दिवसांनी पाव आटा ढिले होतात, परत आवळायचे. जूनमध्ये त्यांना गंज धरला, शिलाई मशीनचं तेल लावलं. टेबलाखाली क्लॅम्पची बशी (स्क्रूच्या टोकाची चकती) आणि टेबल यांच्या मध्ये लाकडाचा तुकडा आणि वर जुन्या मोज्याचं कापड घाला, कारण पार्टिकल बोर्ड फार दाबला तर खळगा पडतो आणि तो खळगा परत भरत नाही. पहिल्याच आठवड्यात एक छोटा पडलाय, टेबलाच्या खालच्या बाजूला, काका वाकून बघतील असं वाटत नाही. आणि क्लॅम्प घ्यायच्या आधी टेबलाखाली हात घालून बघा, पुष्कळ टेबलांना कडेलाच आडवी पट्टी असते किंवा कीबोर्डचा ट्रे असतो, तिथे क्लॅम्प बसत नाही.

एक गोष्ट मात्र फळीने सुटली नाही, ती म्हणजे उंची. टेबल साधारण अडीच फूट, त्यावर स्टिक, कोपर वर राहतं आणि तासाभरात खांदा भरून येतो. एअरबसमध्ये साइडस्टिक बाजूला खाली असते आणि कोपराखाली आर्मरेस्ट असतो, ते उगाच नाही. मी फळी टेबलाच्या उजव्या कडेला थोडी मागे सरकवून लावली, म्हणजे अख्खा हात टेबलावर टेकतो आणि फक्त मनगट हलतं. खांदा दुखायचा थांबला, आणि गंमत म्हणजे जोरही कमी लागायला लागला.

हेलिकॉप्टरला मात्र हे चालत नाही, तिथे स्टिक दोन मांड्यांच्या मध्येच पाहिजे. त्याचा उपाय आजीने करून ठेवलाय. विळीला कुठे क्लॅम्प असतो? पाटावर पाय दाबून बसायचं, विळी हलायची काय बिशाद. मी १२ मिलीमीटर प्लायची ६० सेंटीमीटर लांब, २० रुंद फळी घेतली, एक टोक मांडीखाली, दुसऱ्या टोकावर स्टिक. खुर्चीचं कुशन पुढे गोलाकार असतं म्हणून फळी थोडी डुगडुगते, घडी घातलेली सतरंजी खाली घातली की बसते. पाऊण तासानंतर मांडीला कड रुतते, तेव्हा उठून पाणी प्यायचं. मेटलचे रेडिमेड माउंट मिळतात, टेबलाच्या खाली स्टिक धरणारे, बघितले, किंमत माझ्या स्टिकएवढी, सोडून दिलं.

थ्रॉटलला (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा वेगळा दांडा) यातलं काहीच केलेलं नाही. तो नुसता पुढे-मागे होतो, कलंडत नाही, त्याला अँटीस्लिपचा एक तुकडा पुरलाय.