वाचनालयातलं दिवाळी अंक वाचन: जरूर जावं असं
वसुबारसेच्या संध्याकाळी गेले आणि अडीच तास जागची हलले नाही. सुरुवातीला मराठीतला पहिला मानल्या जाणाऱ्या १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकाबद्दल, त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्याबद्दल थोडक्यात सांगितलं, मग थेट वाचन. एका आजींनी कथेच्या शेवटच्या पानावर चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तोवर सगळं सभागृह श्वास रोखून थांबलं होतं. माइक मात्र खरखरत होता. मागच्या रांगांना कविता नीट ऐकूच आल्या नाहीत, आणि कवींवर हा अन्याय आहे. नवे अंक मनसोक्त चाळू देत होते. मुलांच्या हस्तलिखिताच्या कोपऱ्यात मी सगळ्यात जास्त रेंगाळले. मुखपृष्ठावरच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या खऱ्या पतंगी कागदाच्या, खळीने चिकटवलेल्या! पुढच्या वर्षी लेकीला घेऊन जाणार.