नीमच्या मगरीचं खोटं नाणं

बनावट माल निघतो तो सोन्या-चांदीच्या रोमन नाण्यांत, ब्राँझच्या वाटेला कोण जातंय, असं नाणी जमवणारे सर्रास म्हणतात. त्यावर विसंबू नका. मला गंडवलं ते ब्राँझच्याच नाण्यात.

दक्षिण फ्रान्समधल्या नीममध्ये, म्हणजे रोमनांच्या नेमाउसुस वसाहतीत, पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात हे नाणं पाडलं जायचं. एका बाजूला पाठीला पाठ लावलेले ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा, दुसऱ्या बाजूला खजुराच्या झाडाला साखळीने जखडलेली मगर, इजिप्त जिंकल्याची खूण. ती मगर आजही शहराच्या मानचिन्हात आहे. सुट्ट्या पैशांसाठी लोक ही नाणी मधोमध तोडत, त्यामुळे अर्धे तुकडे पुष्कळ सापडतात. विक्रेत्याने नेमकं हेच हेरलं होतं.

जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याने अग्रिप्पाच्या बाजूचा तुकडा दाखवला. आजोबांच्या संग्रहातला, म्हणाला. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. मी 60 युरो मोजले.

घरी भिंगाखाली धरल्यावर तोडीची कड खटकली. तेव्हाच तोडलेलं असेल तर कडेवरही चेहऱ्यावर असतो तसाच घट्ट, जुना हिरवा थर हवा. इथे ॲसिटोनचा बोळा फिरवताच हिरवा रंग कापसावर उतरला आणि खाली पिवळाधम्मक धातू. मग अग्रिप्पाच्या गालावरची सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. गंजाचे खड्डे वेडेवाकडे असतात. ही गोल, गुळगुळीत, ओतकामात हवा अडकून राहिलेली. वजन मात्र चोख होतं, म्हणून नुसत्या तराजूवर भरवसा ठेवू नका.

पुढच्या बाजारात त्याच्या टेबलावर तस्साच तुकडा! मगरीपाशी तोच ओरखडा, तोडही तंतोतंत तिथेच. एका ठशाची दोन नाणी सारखी दिसतील, पण वापरात पडलेला ओरखडा दोघांवर सारखा कसा येईल? पैसे परत मागितले, तर "बघूनच घेतलं होतंत ना" म्हणून त्याने हात वर केले. प्रमाणपत्रावर ना फोटो ना वजन. ते कुठल्याही नाण्यासोबत खपलं असतं.

हा माणूस अजून विकतोय, याचाच मला संताप आहे. तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी मगरीचा तुकडा हातात आला की आधी कड बघा, आणि नाणं खोटं निघाल्यास पैसे परत, हे विक्रेत्याकडून लिहून घेतल्याशिवाय पाकीट उघडू नका.