सोरायसिस: मलम पुरेना, आता ‘लाइट’ की मेथोट्रेक्सेट?

क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड मलम लावलं की चट्टा बसतो, सोडलं की पुन्हा वर येतो. मलमाने इथवर आणून सोडलं की त्वचारोगतज्ज्ञ बहुधा दोन पर्याय पुढे ठेवतात. एक नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा प्रकाशोपचार, ओपीडीच्या भाषेत ‘लाइट’. दुसरा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. दोन्ही जुने, पारखलेले उपचार आहेत. त्यातला जास्त ‘पॉवरफुल’ कोणता, हे विचारून फारसं हाती लागत नाही. चट्टे कुठे आहेत, सांधे दुखतात का, यकृताची स्थिती काय, पुढे मूल हवंय का, आणि आठवड्यातून तीनदा ठाणे-वाशी लोकल पकडून क्लिनिक गाठणं जमणार का, यावर निवड ठरते.

त्याआधी चट्टा खरंच सोरायसिसचा आहे ना, हे पक्कं करा. पावसाळ्याच्या दमट हवेत इकडे नायटा घरोघरी असतो, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने त्याचं रूप इतकं बदलतं की तो सोरायसिससारखा दिसू शकतो. नायटा सहसा जांघेत, कमरेला, कडेकडेने पसरतो आणि मध्ये निवळत जातो. सोरायसिस कोपर, गुडघे, टाळू धरतो, त्यावर जाड चंदेरी पापुद्रे येतात. शंका असेल तर खपली खरवडून बुरशी शोधणारी केओएच तपासणी करून घ्या, ती काही मिनिटांची आहे.

सोरायसिसचं कारण थोडक्यात असं. त्वचेची पेशी तळापासून वर यायला एरवी जवळपास महिना घेते, सोरायसिसमध्ये तेच काम काही दिवसांत उरकतं. तिला ही घाई लावते आपलीच प्रतिकारयंत्रणा, विशेषतः आयएल-23, आयएल-17 आणि टीएनएफ हे संदेशवाहक. प्रवृत्ती बऱ्याचदा वारशाने येते, ठिणगी मात्र बाहेरून पडते: घशाचा जंतुसंसर्ग, खरचटलेली जागा, ताण, दारू, धूम्रपान, लिथियम किंवा प्रोप्रानोलॉलसारखी औषधं, आणि पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं. म्हणून घटक न लिहिलेल्या पुडीने ‘आठ दिवसांत साफ’ झालेली त्वचा पुढे दुप्पट भडकू शकते, कारण पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. रक्त अशुद्ध वगैरे काही झालेलं नसतं, शिवण्याने हा आजार पसरतही नाही. कोळीवाड्यात राहून मासे सोडल्याने फरक पडत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने पडतो.

आता लाइट. 311 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, आठवड्यातून 2 ते 3 वेळा, एकूण 20 ते 30 बैठका. दिव्यांच्या पेटीत उभं राहायचं सुरुवातीला अवघे काही सेकंद, मग मात्रा हळूहळू वाढते. वेळ जातो तो प्रवासात. घणसोलीहून वाशीला जाऊन परत यायचं, वर नंबर लागेपर्यंत थांबायचं, म्हणजे दोन तास गेलेच. फसतं ते इथेच. दोनतीन आठवडे दांडी पडली तर मात्रा निम्म्यावर आणावी लागते, त्याहून जास्त पडली तर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. म्हणून क्लिनिक ठरवताना आधी विचारा: संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मशीन चालू असतं का? चष्मा सक्तीचा, पुरुषांनी जननेंद्रियं झाकायची. बैठकीला जाण्यापूर्वी सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लावू नका, ते प्रकाश अडवतं. जाड पापुद्र्यांवर खनिज तेलाचा पातळ हात चालतो. पुढच्या 24 तासांत त्वचा भाजल्यासारखी लाल झाली तर पुढच्या बैठकीआधी सांगा. रंग काही काळ गडद होतो, तो उतरतो.

लाइट कुठे पोचत नाही? केसांखालची टाळू, काखा-जांघा, नखं, सांधे. फायदा हा की रक्ततपासण्यांचा फेरा नाही, आणि गरोदरपणातही तो देता येतो.

मेथोट्रेक्सेटचं गणित उलटं आहे: घरबसल्या, स्वस्त, पण शिस्त कडक. आठवड्यातून एकच दिवस, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, आणि फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. सर्वांत घातक चूक म्हणजे ही गोळी रोज घेणं. त्याने रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. चिठ्ठीवर वाराचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि घरात आजी-आजोबांचा औषधांचा डबा वेगळा ठेवा. सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंड तपासण्या, हिपॅटायटिस बी-सी, छातीचा एक्स-रे. मग रक्ततपासण्या पहिल्या काही आठवड्यांत, नंतर दर दोनतीन महिन्यांनी. गोळ्यांपेक्षा या तपासण्यांचाच खर्च जास्त, तो धरूनच हिशोब करा. दारू बंद. मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्यांना यकृताचा धोका वाढतो. कोट्रायमॉक्सॅझोल ही साधी प्रतिजैविकाची गोळीही मेथोट्रेक्सेटबरोबर धोकादायक, तेव्हा तापासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी हे औषध सांगा. तोंडात फोड, ताप किंवा कोरडा खोकला आला तर पुढची गोळी थांबवून लगेच दाखवा. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर ते आधीच बंद करायला लागतं, किती महिने आधी ते डॉक्टर सांगतील.

परिणाम लवकर दिसत नाही, चार ते आठ आठवडे जातात. मात्र टाळू आणि सांधे यांच्यावरही तेच औषध काम करतं. सकाळी बोटं आखडत असतील, टाच दुखत असेल, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर लाइटच्या मागे लागून वेळ घालवू नका; सांध्याची झीज भरून येत नाही.

चट्टे किती पसरलेत ते आपल्या तळहाताने मोजा: तळहात (बोटांसकट) म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण 1 टक्का. चट्टे 10 टक्क्यांच्या आत, सांधे ठीक, लग्न किंवा मूल नजीकच्या काळात, क्लिनिक वाटेवर असेल तर लाइट. रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात पाळीची नोकरी आणि सांधे धरलेले असतील तर मेथोट्रेक्सेट. दोन्ही फसले किंवा चालत नसतील तर ॲप्रेमिलास्टच्या गोळ्या, नाहीतर सेक्युकिनुमॅबसारखी जैविक इंजेक्शनं. सेक्युकिनुमॅबचे पहिले पाच डोस दर आठवड्याला, मग महिन्याला. जैविक इंजेक्शनांआधी क्षयरोगाची तपासणी चुकवायची नाही. आपल्याकडे दबून बसलेला टीबी कमी नाही.