किराणा दुकानाच्या खात्यात गेलेले 72,900 रुपये

ऑनलाइन फसवणुकीत गेलेल्या पैशांचा आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाजेचा भाग उरकेल. 72,900 रुपये. एका झटक्यात नाही, तीनदा: 11,500, मग 23,000, शेवटी 38,400. तिन्ही वेळा पिन मीच टाकला, पूर्ण शुद्धीत.

नाशिकच्या एका शाळेत 29 वर्षं चित्रकला शिकवली. आता जलरंगात गोदाघाट रंगवतो. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, पुरात दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढलेलं पाणी. मुलीनं इन्स्टाग्राम काढून दिलं आणि गेल्या पावसाळ्यात लंडनच्या एका ‘कलेक्टर’चा मेसेज आला. सहा चित्रं एनएफटी म्हणून, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक नोंदवहीत मालकीची नोंद करून विकली जाणारी डिजिटल चित्रं म्हणून, हवी होती.

पुढचं जाणकारांनी ओळखलंच असेल. ‘सर, हे तर जुनं झालं, तुम्हाला कसं कळलं नाही?’ असं माझेच दोन विद्यार्थी म्हणाले. अरे, 11 मार्च 2021 ला बीपल नावाच्या अमेरिकी चित्रकाराची अशीच एक डिजिटल फाइल ख्रिस्तीज या लिलावघरानं 6.93 कोटी डॉलरला विकली. मुंबईचं सॅफ्रनआर्ट हे लिलावघर 2000 पासून ऑनलाइन चित्रं विकतंय. कोरोनात आर्ट बासेल या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यानं हाँगकाँगचा मेळा रद्द करून सगळी दालनं पडद्यावर मांडली. एवढं सगळं चाललेलं असताना लंडनच्या एखाद्याला माझा दुतोंड्या मारुती आवडला, यात अशक्य ते काय? मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे कुठल्याही चित्रकाराला विचारा. इथे कुणी निवड समिती नाही, ओळख लागत नाही, भाडं नाही. गॅलरीवाले आमच्यासारख्यांकडे बघून नाक मुरडतात हे खरंच, पण असा भामटा त्यांच्या दारात आला असता तर त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. इन्स्टाग्रामच्या दारात कुणीच नसतं, म्हणून मला आत जाता आलं. त्यालाही.

त्यानं दिलेल्या वेबसाइटवर चित्र चढवायची ‘गॅस फी’ एका चित्राला 5,750. एनएफटीच्या नोंदी ज्यावर होतात त्या इथेरियम नेटवर्कवरची खरी गॅस फी, म्हणजे नोंदीचं शुल्क, गर्दीप्रमाणे सतत बदलते आणि ती वेबसाइटच्या खिशात जात नाही, हे मी नंतर वाचलं. यांची एसटीच्या तिकिटासारखी ठरलेली होती. दोन चित्रांचे 11,500 भरायला कोड स्कॅन केला आणि फोनवर नाव आलं, अमुक अमुक किराणा अँड जनरल स्टोअर्स.

इथे थांबायला हवं होतं. थांबलोही होतो. अंगठा तसाच वर धरलेला, शेजारी पॅलेटमध्ये पेन्स ग्रे सुकत चाललेला. लंडनचा माणूस, इथेरियमचं नेटवर्क आणि पैसे चालले किराणावाल्याला! विचारलं तर उत्तर आलं, तो आमचा इंडियातला पेमेंट पार्टनर. आणि मी, दुकानात तांदळाचे चार दाणे चावून बघितल्याशिवाय पिशवी पुढे न करणारा माणूस, पिन टाकून मोकळा झालो. पैसे घेणाऱ्याचं नाव विसंगत दिसलं की फोन खाली ठेवा. खुलासा मागू नका, त्यांच्याकडे खुलासे तयारच असतात.

दोन दिवसांत दोन्ही चित्रं 64,000 ला एक अशी ‘विकली’. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 1,28,000. काढायला गेलो तर सहाचा संच पूर्ण करा, म्हणून 23,000. मग 30 टक्के कर. आपल्या बजेटची त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती! 1 एप्रिल 2022 पासून अशा कमाईवर 30 टक्के कर आहे, हे खरंच आहे. 1,28,000 चे 38,400, हिशोब बिनचूक. म्हणूनच भरले. कर आयकर खात्याला भरायचा असतो, वेबसाइटला नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यानंतर त्याचं अकाउंटच गायब.

हिला सांगायचा धीर व्हायला नऊ दिवस गेले, तोवर पैसे भलतीकडेच गेले होते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात फोन करा. घरच्यांची बोलणी नंतर खा.

मग पोलीस ठाण्याच्या खेपा. पहिल्या ठिकाणी हद्द विचारली. फसवणूक मोबाइलवर झाली म्हटलं, तर म्हणे मोबाइल कुठे होता? दुसऱ्या ठिकाणी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला एकानं शांतपणे विचारलं, ‘चित्रं तुमच्या घरीच आहेत ना? मग गेलं काय?’ अर्धा तास समजावलं. तक्रारीखाली सही करताना वाचलं तर ‘एनएफटी नावाच्या इसमाने’ असं लिहिलेलं. दुरुस्त करा म्हटलं तर त्यालाच राग आला. बँक म्हणते, पिन तुमचाच. ते खातं कुणाचं विचारलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेकडून स्टेटमेंट शिक्का मारून आणा. शिक्का मारणारे रजेवर. निवृत्त आहे म्हणून वेळ आहे माझ्याकडे. नोकरदार माणसानं काय करायचं?

आणि मोठे स्कॅन कुणाला पाठवू नका. मी सहाही चित्रांचे 300 डीपीआयचे पाठवलेत, ते आता कुठे छापले जातायत कोण जाणे.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. माझ्या तक्रारीची त्याला माहिती होती. बुडालेले पैसे परत आणून देतो, फी 4,999. या वेळी पिन टाकला नाही. नंबर लिहून घेतला आणि ठाण्यात द्यायला गेलो, तर म्हणाले, हा वेगळा गुन्हा, नवा अर्ज करा.