ऑनलाइन कुर्बानी सेवा: काम चोख, आग्रह नको तेवढा

बकरी ईदच्या कुर्बानीसाठी मोठ्या जनावरातला सातपैकी एक हिस्सा घरबसल्या नोंदवता येतो, ही सोय खरंच चांगली. कुर्बानी कोणाच्या नावाने ते फॉर्ममध्ये विचारतात, ईदच्या नमाजनंतरच जनावर कापतात आणि झालं की हिस्सा क्रमांकासकट मेसेज येतो. माझा ११ जिलहिज्जला (ईदच्या दुसऱ्या दिवशी), असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या आधी आला. इथवर पैकीच्या पैकी.

खटकलं ते पैसे भरायच्या पानावर. 'मरहूम आईवडिलांच्या नावे आणखी एक हिस्सा' या ओळीपुढे आधीच टिक केलेली! लक्ष नसलं तर रक्कम दुप्पट. हा हिस्सा नफिल, म्हणजे ऐच्छिक आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही. हनफी मसलकात (पंथात) निसाबधारकावर, म्हणजे ठरावीक संपत्ती असलेल्यावर, कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक. तिच्याऐवजी रोख सदका (दान) दिला तर ती फिटत नाही. (इतर मसलकांत बहुतेक उलेमा तिला सुन्नत, म्हणजे पैगंबरांची प्रथा मानतात, वाजिब नाही.) म्हणून स्वतःचा हिस्सा ठेवला, दुसरा काढला आणि ते पैसे विधवा खालाला (मावशीला) पाठवले. तिची औषधांची उधारी थकली होती. नातलगाला दिलेला सदका म्हणजे सदकाही आणि नातं जपणंही, असं हदीसमध्येच आहे. मग तिथे सवाब (पुण्य) त्या जादा हिश्श्याहून कमी कसा?

निदान माझ्या हिश्श्याचं गोश्त तरी खालाकडे जावं म्हणून पत्ता बदलायला गेलो, तर तीही सोय नाही. वाटप त्यांच्याच यादीने. फोनवर विचारलं तर, "पुढच्या वर्षी बघू, भाईजान."

पाचपैकी साडेतीन. ती टिक काढली तर चार.